खाऱ्या पाण्याची टाकी: काच घेण्याआधी हिशेब करा

मोबाईलवर केशरी-पांढरे मासे पाहिले की मुलं ईदीचे पैसे पुढे करून हट्ट धरतात, ‘अब्बा, आपल्याकडेही समुद्रातले मासे आणू या!’ गप्पी आणि गोल्डफिशची पेटी आपल्याला नवीन नाही. खाऱ्या पाण्याचं प्रकरण मात्र वेगळं आहे. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उभं राहिलं, तेव्हा समुद्र रस्त्यापलीकडेच होता. कयाधूकाठच्या हिंगोलीत तो समुद्र घरातच तयार करावा लागतो.

लहान टाकी स्वस्त पडत नाही

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. उन्हाळ्यात पाणी उडून जातं, क्षार मागेच राहतात. ३० लिटरच्या टाकीतलं एक लिटर पाणी उडालं, तर क्षार ३५ वरून ३६ ग्रॅमच्या वर जातात. १६० लिटरच्या टाकीत तेवढ्याने जेमतेम ०.२ ग्रॅमचा फरक पडतो. उष्णतेचंही तसंच. थोडं पाणी लवकर तापतं, जास्त पाणी सावकाश. म्हणून नवशिक्याने मोठी टाकी घ्यावी. ती सांभाळायला सोपी जाते.

माप कसं ठरवावं?

लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये मोजून गुणाकार करा आणि १,००० ने भागा. उत्तर लिटरमध्ये मिळतं. ९० × ४५ × ४५ ची, म्हणजे साधारण तीन फुटी टाकी १८२ लिटरची होते. काठ आणि दगड सोडले तर पाणी सुमारे १६० लिटर मावतं. या मापाला १० मिलिमीटर जाडीची काच घ्यावी. उंच, अरुंद टाकी किंवा गोल भांडं टाळा. हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळतो तो पृष्ठभागावरून, त्यामुळे टाकी पसरट हवी.

भरल्यावर हे सारं वजन सव्वादोनशे किलोच्या पुढे जातं. स्टँड भक्कम आणि जमीन सपाट हवी. लोखंडी स्टँडला खाऱ्या थेंबांनी गंज चढतो, त्याला चांगला रंग हवाच. टाकीखाली थर्माकोलची शीट घाला. आधी साध्या पाण्याने भरून दोन-तीन दिवस गळती तपासा.

पाणी आणि वीज

बोअरचं जड पाणी वापरू नका. आरओचं पाणी घ्या आणि त्यात मत्स्यालयासाठी मिळणारं समुद्री मीठ मिसळा. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. १६० लिटरला पहिल्या वेळी सहा किलोच्या आसपास मीठ लागतं. नंतर उडालेल्या पाण्याची भरपाई मात्र साध्या आरओच्या पाण्यानेच करायची.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि या माशांना २५-२६ अंश मानवतात. टाकी खिडकीपासून दूर ठेवा. पंख्याच्या वाऱ्याने पाणी थोडं निवतं, पण कडक उन्हाळ्यात कूलिंगची सोय लागते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. अशात वीज गेली तर मासे गुदमरतात. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप टाकीबरोबरच घ्या.

घाई नको

पाणी भरल्यावर चार ते सहा आठवडे मासे सोडू नका. माशांच्या विष्ठेतून तयार होणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू तेवढ्या काळात वाढतात. मग क्लाउनफिशची एक जोडी पुरे. मुलांना आवडणारा निळा टँग मासा जवळपास फूटभर वाढतो, त्याला ही टाकी अपुरी पडते. कोकणातून प्रवाळ उचलून आणू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण दिलं आहे.

खर्चाची यादी करताना काच शेवटी लिहा. आधी पाणी, मीठ, वीज आणि रोजची दहा मिनिटं. एवढं घरात बसत असेल तरच टाकी आणा. बसत नसेल तर गप्पींची पेटीही मुलांना जीव लावायला शिकवते. मुका जीव घरात आला की तो आपली अमानत असतो.