उशाशी ठेवलेल्या गोळ्या आणि कायदा

वाचकहो, आपल्या उशाशी अल्प्राझोलाम किंवा ट्रॅमाडॉलच्या गोळ्या आहेत काय? ही औषधे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत येतात. बेकायदा पुरवठ्याचे खटले विशेष न्यायालयात एकच न्यायाधीश चालवतात. तेथे ज्यूरी नसते. ताबा सिद्ध झाल्यास तो वैध कसा, याचा खुलासा आरोपीलाच करावा लागतो. तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी गोळ्यांसोबतच जपावी, प्रवासातही न्यावी. डॉक्टरांनी तसे लिहून दिल्यावाचून १०० हून अधिक गोळ्या साठवू नयेत. शेजारच्या आजींना झोप येत नाही म्हणून आपली गोळी मायेपोटीही देऊ नये. कायद्यापुढे तो पुरवठा ठरू शकतो. शिवाय उतारवयात तोल जाण्याचा, श्वास मंदावण्याचा धोका असतो. त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जावे.