घराच्या छतावरील सौर वीज : अनुदान समजून घ्या, अर्ज नीट करा

१९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. वीज व पाटबंधारे यांच्या नियोजनाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. वीज स्वस्त आणि मुबलक मिळाल्याशिवाय उद्योग वाढणार नाहीत व उद्योग वाढल्याशिवाय गरिबी हटणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. आज हीच वीज आपल्या घराच्या छतावर तयार होऊ शकते व त्यासाठी शासन अनुदानही देते. परंतु अनुदान जाहीर झाले म्हणजे ते आपोआप घरी चालत येत नाही. ज्याचे कागद बरोबर, त्याच्याच खात्यात ते जमा होते. म्हणून आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील सभासद व विद्यार्थी यांच्यासाठी ही माहिती आम्ही सोप्या शब्दांत देत आहोत.

केंद्राची योजना

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'पी.एम. सूर्यघर मोफत बिजली योजना' सुरू केली. देशातील १ कोटी घरांवर सौर संच बसवावेत, हे तिचे उद्दिष्ट असून २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत ती राबवावी, असे मंजुरीच्या वेळी ठरले. अनुदानाचा हिशेब असा :

१ किलोवॅटच्या संचास ३०,००० रुपये.
२ किलोवॅटच्या संचास ६०,००० रुपये.
३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचास ७८,००० रुपये.

म्हणजे पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० व तिसऱ्यास १८,००० रुपये. त्यापुढे अनुदान वाढत नाही. कोणी पाच किलोवॅटचा संच बसविला तरी त्यास ७८,००० रुपयेच मिळतील. तेव्हा 'मोठा संच घ्या, मोठे अनुदान मिळेल' असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

महाराष्ट्र शासनाची जोड

दरमहा १०० युनिटपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या लहान ग्राहकास उरलेली रक्कम भरणेही जड जाते. हे लक्षात घेऊन राज्य शासनाने २०२५ साली 'स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप', म्हणजेच 'स्मार्ट' योजना मंजूर केली. १ किलोवॅट संचाची किंमत ५०,००० रुपये धरून तीत पुढीलप्रमाणे वाटणी केली आहे. केंद्राचे ३०,००० रुपये सर्वांना समान. दारिद्र्यरेषेखालील ग्राहकास राज्याचे १७,५०० रुपये. त्याने स्वतः भरावयाचे फक्त २,५००. अनुसूचित जाती व जमातीच्या ग्राहकास राज्याचे १५,००० रुपये, स्वतःचे ५,०००. इतर लहान ग्राहकांस राज्याचे १०,००० रुपये, स्वतःचे १०,०००. लाभार्थ्यांची संख्या ५ लाख इतकी मर्यादित आहे व जो आधी अर्ज करील त्यास प्राधान्य आहे.

अनुसूचित जातीच्या सवलतीसाठी जातीचा दाखला लागतो. बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या व्यक्तींना केंद्राच्या कायद्यात अनुसूचित जाती म्हणून मान्यता १९९० साली मिळाली. उपविभागीय अधिकाऱ्यांकडून घेतलेला दाखला घरात नसेल, तर तो आजच काढून घ्यावा. तो मुलांच्या शिक्षणालाही लागतोच.

आधी बिल वाचा

किती किलोवॅटचा संच घ्यावा, हे छत पाहून नव्हे तर बिल पाहून ठरवावे. महावितरणच्या बिलावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो. घरातील शिकणाऱ्या मुलाने किंवा मुलीने बारा महिन्यांचे युनिट एका कागदावर लिहून सरासरी काढावी. १ किलोवॅटचा संच दिवसाला साधारण ४ युनिट, म्हणजे महिन्याला १०० ते १२० युनिट वीज देतो. १५० युनिटपर्यंत वापर असेल तर १ ते २ किलोवॅट, १५० ते ३०० असेल तर २ ते ३ किलोवॅट पुरेसे होतात.

आपल्याकडे पहिल्या १०० युनिटचा दर सर्वांत कमी असतो व पुढे तो चढत जातो. त्यामुळे ज्याचा वापर जास्त, त्याची बचतही जास्त. वापर फार कमी असलेल्या घराने कर्ज काढून मोठा संच बसविणे शहाणपणाचे नाही. त्याने राज्याच्या योजनेतून १ किलोवॅटचाच संच घ्यावा.

बिलावरचे नाव

सर्वांत जास्त अडचण येथेच येते. अनेक घरांत वडील किंवा आजोबा वारून वर्षे लोटली, तरी मीटर त्यांच्याच नावावर चालू असते. अर्ज वीज ग्राहकाच्या नावाने होतो आणि अनुदान बँक खात्यात जमा होते. बिल, आधार व बँकेचे पासबुक यांवरील नाव जुळले नाही की प्रकरण अडते. यासाठी आधी महावितरणकडे वारस म्हणून नावबदलाचा अर्ज करावा. थकबाकी असल्यास ती भरावी. घर स्वतःचे असल्याचा पुरावा काढून ठेवावा. घर भावाभावांत सामाईक असेल तर सर्वांची लेखी संमती आधीच घेणे बरे, म्हणजे पुढे वाद होत नाही.

अर्जाची पद्धत

अर्ज पी.एम. सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर करावयाचा असतो. राज्य, वीज कंपनी व बिलावरील ग्राहक क्रमांक भरून नोंदणी करावी. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जास वेगळ्या तांत्रिक तपासणीची अट आता राहिलेली नाही. त्यानंतर पोर्टलवर नोंदणी असलेल्या पुरवठादारांपैकीच एकाची निवड करावी. नोंदणी नसलेल्याकडून संच बसविल्यास अनुदान मिळत नाही. सौर पॅनेल भारतीय बनावटीच्या सेलचेच असले पाहिजेत, हीही अट आहे.

संच बसल्यावर नेट मीटरसाठी महावितरणकडे अर्ज जातो, अधिकारी पाहणी करतात व संच सुरू झाल्याचा अहवाल पोर्टलवर येतो. मग आपण बँक खात्याची माहिती व रद्द केलेला धनादेश द्यावयाचा. साधारण ३० दिवसांत अनुदान खात्यात जमा होते, असे योजनेत सांगितले आहे. अनुदान संच सुरू झाल्यानंतर मिळते, हे पक्के ध्यानात ठेवावे. हाती पैसे नसतील तर राष्ट्रीयीकृत बँका ३ किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी तारणाशिवाय, कमी व्याजाने कर्ज देतात.

गैरसमज दूर करा

पहिला गैरसमज असा की, सौर संच बसला म्हणजे लाईट गेल्यावरही घरात उजेड राहील. नेट मीटरचा साधा संच वीजपुरवठा बंद होताच आपणहून बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या लाईनमनला शॉक बसू नये म्हणून तशी रचना केलेली असते. लाईट गेल्यावर वीज हवी असेल तर बॅटरी लागते व तिचा खर्च वेगळा.

दुसरा, बिल शून्य होईल. दिवसा उरलेली वीज महावितरणकडे जाते व रात्री वापरलेल्या युनिटमधून ती वजा होते. परंतु स्थिर आकार भरावाच लागतो.

तिसरा, ऊन जितके कडक तितकी वीज जास्त. पॅनेलला प्रकाश हवा, उष्णता नको. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव भागात मे महिन्यात पॅनेल तापून उलट थोडी कमीच वीज देतात. म्हणून पॅनेलखाली वारा खेळेल इतकी मोकळी जागा ठेवावी. १ किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट, सावली नसलेली जागा लागते. निंबाची किंवा शेजारच्या माडीची सावली पडत नाही ना, हे सकाळ-संध्याकाळ पाहून घ्यावे. धूळ बसली की वीज घटते. पंधरा दिवसांतून एकदा, ऊन उतरल्यावर साध्या पाण्याने पॅनेल धुवावेत. छप्पर टिनाचे असेल तर त्याखालील लोखंडी अँगल वजन व वादळ सोसतील का, हे आधी तपासून घ्यावे.

चौथा, शेतातील सौर पंप आणि घरावरील संच यांची योजना एकच आहे. त्या वेगळ्या आहेत व त्यांचे अर्जही वेगळे आहेत.

सावधानता

पोर्टलवरील नोंदणीसाठी पैसे लागत नाहीत. मोबाईलवर आलेला ओ.टी.पी. कोणासही सांगू नये. पुरवठादाराशी लेखी करार करावा, रक्कम बँकेतूनच द्यावी व पावती घ्यावी. पाच वर्षे देखभाल करणे पुरवठादारावर बंधनकारक आहे. करारात ती नोंद आहे की नाही ते वाचावे. अडचण आल्यास महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक लिहून ठेवावा.

विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, प्रत्येकाने येत्या सुट्टीत स्वतःच्या व शेजारच्या एका घराचे बिल तपासावे. नाव कोणाचे, थकबाकी किती, सरासरी वापर किती, एवढ्या तीन गोष्टी लिहून काढाव्यात. ज्या माउलीला अक्षरओळख नाही, तिच्या घरचे नावबदलाचे काम आपल्या हातून झाले, तर तिच्या हक्काचे अनुदान कागदापायी अडून राहणार नाही.