गाडीतले खण: हत्यारांना जागा आणि जागेला कडी

मागच्या वेळी बॅटरीबद्दल बोललो होतो, आज सुतारकाम. ज्यांची गाडी म्हणजेच दुकान आहे, त्यांच्यासाठी आजचं बोलणं. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, एसीवाले, लिफ्टवाले, सगळ्यांसाठी.

आमच्या गल्लीत एक एसी दुरुस्त करणारा मुलगा राहतो. मूळचा खानापूरकडचा, बेंगळुरूत येऊन बारा वर्षं झाली. त्याच्याकडे ईको कार्गो आहे. गेल्या पावसाळ्यात हेब्बाळच्या उड्डाणपुलावर पुढच्या बसनं अचानक ब्रेक मारला, म्हणून यानंही मारला. मागच्या ढिगाऱ्यातलं काँक्रीट फोडायचं ड्रिल सुटून पुढे आलं आणि शेजारी बसलेल्या मदतनिसाच्या कानामागे लागलं. चार टाके पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याकडे आला. म्हणाला, "काका, फौजेत गाडीत सामान कसं ठेवायचे हो?"

मी ईएमईतला माणूस. वर्कशॉपच्या लॉरीत प्रत्येक पान्याची जागा ठरलेली असायची आणि त्या जागेवर पान्याची आकृती रंगवलेली असायची. जागा रिकामी दिसली की पाना कुठे आहे ते शोधल्याशिवाय लॉरी हलत नसे. त्याला म्हटलं, खण करू. पण आधी हिशेब करू.

हिशेब असा. गाडी ताशी ५० किलोमीटरनं चालली आहे आणि धडक बसून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या साधारण वीसपट जोर येतो. पाच किलोचं ड्रिल त्या क्षणी शंभर किलोच्या पोत्यासारखं पुढे येतं. म्हणजे खण नुसते नीटनेटकेपणासाठी नाहीत. खणांचा अख्खा सांगाडा सामानासह दीडशे किलोचा झाला, तर तो तीन टनांच्या जोरानं पुढे यायला बघणार. तो ज्या बोल्टांवर उभा आहे त्यांचा विचार आधी करायचा, फळ्यांचा नंतर. बहुतेक लोक उलटं करतात.

गाडीच्या फरशीत सीटसाठी किंवा बेल्टसाठी मूळची आटे असलेली भोकं असतील तर ती वापरा. कंपनीनं ती जागा मुळातच मजबूत केलेली असते. नवीन भोक पाडायचंच असेल तर आधी गाडी वर उचलून खाली बघा. पेट्रोलची टाकी, ब्रेकची नळी, वायरिंग, काहीही असू शकतं. बोल्ट १० मिलिमीटरचा, डोक्यावर ८.८ कोरलेला घ्या. खालून साधा वॉशर नको, तीन मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा तळहाताएवढा तुकडा लावा, नाहीतर बोल्ट फरशीचा पत्रा फाडून वर येतो. भोकाच्या कडेला प्रायमर लावायला विसरू नका, बेंगळुरूच्या पावसात गंज तिथूनच सुरू होतो. चालकाच्या पाठीमागे लोखंडी जाळी हवीच. खण कितीही चांगले झाले तरी जाळी हवी.

आता वजन. त्यानं म्हैसूर रोडच्या टिंबर यार्डातून १८ मिलिमीटरचं प्लायवूड आणायचं ठरवलं होतं, "मजबूत पाहिजे ना काका" म्हणून. आठ बाय चार फुटांचा तसला एक पत्रा साधारण ३५ किलोचा. चार पत्रे म्हणजे १४० किलो, आणि अजून एकही पाना आत ठेवलेला नाही. १२ मिलिमीटरचा पत्रा २३ किलोच्या आसपास भरतो. सांगाड्याच्या उभ्या बाजू आणि वरची फळी १८ ची, बाकी सगळं १२ चं, असं आम्ही केलं. तीन पत्र्यांत काम झालं. आरसी काढून लादलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. जे उरतं त्यात तुम्ही, मदतनीस, प्लायवूड, हत्यारं, सगळं बसलं पाहिजे. प्लायवूडवर आयएस ७१० चा शिक्का बघा, ते उकळत्या पाण्यालाही दाद न देणारं. थोडं महाग पडतं, पण ओली ताडपत्री आणि एसीतून गळलेलं पाणी या गाडीत रोजचंच आहे. कापलेल्या कडांना दोन हात रंग द्या, पाणी कडेतूनच आत शिरतं.

माप घेताना टेपवर विसंबू नका. गाडीच्या आत एकही सरळ रेघ नसते, चाकांवरचे उंचवटे तर मुळीच सरळ नसतात. जुन्या खोक्याचा पुठ्ठा कापून आत बसवून बघा आणि तो बसला की तसंच प्लायवूड कापा.

खणाला टेलिस्कोपिक चॅनेल लावायचं असेल तर ते एका बाजूला साडेबारा मिलिमीटरच्या आसपास जागा खातं. म्हणजे सांगाड्यातली मोकळी जागा ४५० असेल तर खण बाहेरून ४२४ चा. ४३० केलात तर आत जाणारच नाही, आणि ४१५ केलात तर खडखडेल. एस. पी. रोडवर ४५ किलोचं म्हणून जे चॅनेल मिळतं, तो आकडा जोडीचा असतो, एका पट्टीचा नाही. लांबी वाढली की तोही कमी होतो. म्हणून वरच्या हलक्या खणांना चॅनेल, आणि खालच्या जड खणाला काहीच नाही. खाली सनमायकाच्या पट्ट्या चिकटवायच्या आणि त्यावर मेणबत्ती घासायची. खण लोण्यासारखा सरकतो, आणि बिघडण्यासारखं त्यात काही नाही.

प्लायवूडच्या कडेत स्क्रू फारसा धरत नाही, थर फाकतात. कोपऱ्यात आतून इंचभर लाकडी पट्टी घ्या, फेविकॉल लावा, आधी बारीक भोक पाडा आणि मग स्क्रू. पूर्ण रात्र वाळू द्या. आमच्या माणसाला दुसऱ्या दिवशी कॉल होता म्हणून त्यानं चार तासांतच सामान भरलं. एक कोपरा उघडला, पुन्हा करावा लागला.

आता माझी चूक सांगतो. खालचा खण मी चार फूट लांब करायला लावला, व्हॅक्यूम पंप, ड्रिल, पाइप वाकवायचं यंत्र, सगळं एकाच ठिकाणी राहावं म्हणून. चाचणीसाठी आम्ही माझ्या घरासमोरच्या चढावर गाडी उभी केली, तोंड वर. मागचं दार उघडलं आणि तो खण स्वतःहून सरकत बाहेर आला. साठेक किलो वजन. त्याची नडगी थोडक्यात वाचली. मेणबत्ती मीच घासली होती आणि कडी मात्र लावली नव्हती. बेंगळुरू चढउतारांचं गाव आहे, हे तीस वर्षं इथे राहूनही मला सुचलं नाही.

मग तो खण कापून अडीच फुटांचा केला. मागे उरलेल्या जागेत वरून उघडणारी पेटी केली, क्वचित लागणाऱ्या वस्तूंसाठी. आणि प्रत्येक खणाला दोन बंदोबस्त केले. एक, सांगाड्याच्या तोंडाशी अर्ध्या इंचाची पट्टी. खालचा खण थोडा उचलल्याशिवाय बाहेर येत नाही. दोन, लोखंडी टॉवर बोल्ट. चुंबकाच्या कड्या स्वयंपाकघरासाठी ठीक आहेत, गाडीत नको.

आत काय कुठे ठेवायचं? पाने एकीकडे, पकडी एकीकडे अशी मांडणी दिसायला छान, पण कामाला वाईट. त्यानं कामाप्रमाणे लावलं. सर्व्हिसिंगला लागणारं सगळं एका खणात, गॅस भरायचं सगळं दुसऱ्यात. दिवसातून दहा वेळा उघडणारा खण कमरेच्या उंचीवर. तळाला फोमची शीट, तिच्यात हत्याराच्या आकाराचे खड्डे. काम संपवून निघताना एकदा बघितलं की गिऱ्हाइकाच्या गच्चीवर काय राहिलं ते लगेच कळतं. गॅसचे सिलिंडर आणि ब्रेझिंगचा डबा मात्र बंद खणात ठेवायचे नाहीत. ते उभे, पट्ट्यानं बांधलेले आणि हवा लागेल असे. गाडी उन्हात उभी राहणार असेल तर उतरवून ठेवलेले बरे.

कायद्याचं एक. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ नमुन्यापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं. मालवाहू गाडीत बोल्टनं बसवलेली आणि काढता येणारी पेटी ही एक गोष्ट, घरच्या प्रवासी गाडीच्या सीटा काढून किंवा बॉडी कापून केलेली व्यवस्था ही वेगळी. दुसऱ्या प्रकारात आधी आरटीओत जाऊन विचारा, विमा कंपनीलाही कळवा.

सगळं मिळून आमचे तीन रविवार गेले. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे असतात, लाकूड दबतं. त्याचे दोन बोल्ट अर्धा अर्धा फेरा फिरले. मदतनीस आता पुढे बसतो तेव्हा मागे वळून वळून बघत नाही. पुढच्या वेळी ती जाळी घरी कशी वेल्ड करायची ते दाखवतो. तोवर पुठ्ठा कापून ठेवा.