बरणीतली नानेटी काय खाते?

धानाची रोवणी सुरू झाली की ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही आणि वैनगंगेपलीकडच्या आरमोरी-वडसा भागात सर्पमित्रांच्या फोनला उसंत नसते. बांध्यांमध्ये पाणी भरतं, उंदरांची बिळं बुडतात, बेडूक जागोजाग उड्या मारू लागतात आणि त्यांच्या मागावर साप माणसांच्या वाटेत येतात. ब्रह्मपुरीजवळच्या एका सर्पमित्राबरोबर त्या दिवसांत मी फिरत होतो. त्याचं काम साप पकडण्याचं आहे असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात त्याचा निम्मा वेळ लोकांशी बोलण्यात जातो.

फोन आला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘‘मारू नका, हात लावू नका, नुसती नजर ठेवा.’’ मग रंग, जाडी, पट्टे, साप कुठे आहे, हे विचारतो. मोटारसायकलला लोखंडी हुक बांधलेला, पाठीवरच्या पिशवीत कापडी थैल्या, पीव्हीसी पाइपचा तुकडा, झाकणाला छिद्रं पाडलेली बरणी आणि बॅटरी. पकडल्यावर फोटो काढून वनरक्षकाला पाठवायचा आणि वहीत गाव, जात, अंदाजे लांबी, सोडल्याची जागा लिहायची. कवेलूच्या छपरातून धामण काढणं हे त्याच्या दृष्टीने पाच मिनिटांचं काम. घरच्यांची समजूत घालायला अर्धा तास लागतो.

अशाच एका फोनवर आम्ही ज्या घरी गेलो, तिथे साप आधीच पकडलेला होता. अकरावीतल्या मुलाने तणसाच्या ढिगाखाली सापडलेली नानेटीची तीन पिल्लं लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवली होती. वीतभर लांबीची, पेन्सिलीहून बारीक, पाठीवर दोन फिकट पिवळ्या रेघा. शेजारी प्लास्टिकच्या पिशवीत ओलं शेणखत आणि त्यात वळवळणारी गांडुळं. गावाजवळच्या गांडूळखताच्या शेडमधून त्याने ती विकत आणली होती.

‘‘भाऊ, मोबाइलवर पायलं. साप गांडूळ खाते म्हणून. पण हे खातच नाही.’’

सर्पमित्र रागावला नाही. त्याने पिशवीतलं एक गांडूळ तळहातावर घेतलं आणि मुलाला जवळ बोलावलं. किरमिजी रंग, प्रत्येक वळ्यामध्ये फिकट पिवळसर पट्टी, पुढच्या बाजूला फुगीर खोगिरासारखा भाग. बोटाने जरा दाबल्यावर ते जोरात उसळलं आणि त्याच्या पाठीतून पिवळसर पातळ द्रव सुटला. त्याने हात मुलाच्या नाकाशी नेला. कुजट, उग्र वास. ‘‘हा वास कायले सोडते तो? मला खाऊ नको म्हणून सांगते,’’ तो म्हणाला.

हे गांडूळ म्हणजे आयसेनिया फेटिडा. आपल्याकडच्या गांडूळखताच्या बहुतेक शेडमध्ये हेच किंवा आफ्रिकेतून आलेलं युड्रिलस युजेनी वापरतात, कारण दोन्ही जाती पृष्ठभागालगत राहतात, शेण आणि पालापाचोळा झपाट्याने खातात आणि भराभर वाढतात. आयसेनियाच्या त्या पिवळ्या द्रवात लायसेनिन नावाचं प्रथिन असतं. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या पेशींच्या आवरणात एक विशिष्ट स्निग्ध पदार्थ असतो. लायसेनिन त्याला चिकटतं, आवरणाला छिद्र पाडतं आणि रक्ताच्या लाल पेशी फुटतात. जमिनीसाठी सोन्यासारखं असलेलं हे गांडूळ सापाच्या पिल्लाला खाऊ घालणं म्हणून धोक्याचं. अमेरिकेत गार्टर जातीचे छोटे साप घरात पाळतात आणि त्यांना दुकानातली गांडुळं सर्रास देतात. तिथले जाणकारही खताचं लाल गांडूळ टाळायला सांगतात. ते वापरतात ते लुम्ब्रिकस टेरेस्ट्रिस, खोल बिळात राहणारं जाडजूड गांडूळ. मासेमारीच्या दुकानात ते डब्यात मिळतं. त्या मुलाने पाहिलेल्या व्हिडिओत साप वेगळा होता आणि गांडूळही वेगळं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ते शेड पाहायला गेलो. महिला बचत गट चालवतो. हिरव्या जाळीच्या सावलीत सिमेंटच्या लांबट टाक्या, त्यांत अर्धवट कुजलेलं शेण आणि तणस, वर ओली पोती. एका ताईंनी पोतं उचललं तेव्हा उजेड लागताच सगळा थर आत सरकला. त्या टाकीत काय काय जातं ते त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. गावातलं शेण, बाजारातला टाकाऊ भाजीपाला, झाडांचा पाला. जनावरांना जंताचं औषध दिलेलं असेल तर त्याचा अंश शेणात उतरतो, भाजीवर फवारणी झालेली असेल तर तीही टाकीत येते. गांडूळ ते सगळं खातं. खतासाठी त्यांची काळजी पुरेशी होती, ओलावा, सावली, मुंग्यांपासून बचाव. गांडूळ कुणाच्या पोटात जाणार आहे असा विचार त्यांनी करावा, हे कुणी त्यांना सांगितलेलंच नव्हतं. ‘‘आम्ही शेतकऱ्याला विकतो. कुणी कुणी गळाला लावायला नेते,’’ त्या म्हणाल्या.

मग शेतातून खणून आणली तर? हाही प्रश्न त्या मुलाने विचारला होता. धानाच्या बांधीत खोडकिड्यासाठी दाणेदार कीटकनाशक टाकतात, बांधावर तणनाशक मारतात. राजुरा-वरोऱ्याकडच्या कपाशीत तर फवारणीचा मारा याहून जास्त. गांडूळ माती गिळत जातं, आणि मातीतलं औषध त्याच्या अंगात साठतं. कुठल्या बांधीत कधी काय टाकलं हे ज्याला माहीत आहे, अशा शेतकऱ्याखेरीज कुणालाही त्या गांडुळाची खात्री देता येणार नाही.

माझ्या मते खरा प्रश्न गांडूळ कुठून आणायचं हा नाहीच. नानेटीच्या जेवणात क्वचित गांडूळ येतं, तिचा मुख्य आहार बेडूक. अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं नखाएवढ्या बेडकांवर आणि बेडूकमाशांवर वाढतात. रोवणीच्या दिवसांत बांधाच्या कडेला असे नखाएवढे बेडूक पावलोपावली असतात. बरणीत मात्र पिल्लू खात नाही. काचेतून चारी बाजूंनी हालचाल दिसते, लपायला जागा नाही, ऊब आणि ओलावा कमी-जास्त, तेव्हा त्याचं सगळं लक्ष पळून जाण्यात असतं. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ झालेला सापही खात नाही. भरल्या पोटी सापाला हाताळलं तर तो खाल्लेलं ओकून टाकतो. जबरदस्तीने तोंडात कोंबणं ही तर शुद्ध क्रूरता.

आपल्या भागात अळ्या हेच ज्याचं अन्न आहे असाही एक साप आहे, वाळा. पावसाळ्यात न्हाणीघरात, कुंडीखाली निघतो, आणि लोक त्याला गांडूळच समजतात. सर्पमित्राने एका घरी तो वाटीत घेऊन दाखवला. अंगाला वळी नाहीत, चकाकणारे बारीक खवले, डोळ्यांच्या जागी खवल्याखाली दोन काळे ठिपके, शेपटीच्या टोकाला निरुपद्रवी काटा. नीट पाहत राहिलं की केसासारखी जीभ आत-बाहेर होताना दिसते. मुंग्या आणि वाळवी यांची अंडी आणि अळ्या तो खातो. या जातीत सगळ्या माद्या. नराविनाच त्यांची अंडी फळतात, म्हणून कुंडीतल्या मातीतून एक जरी दूर गेली तरी तिथे वस्ती होते, आणि अशीच ही जात जगभर पसरली. वाळ्याला मण्यारीची पिल्लं खातात. धामण उंदरांवर जगते, कवड्या पालींवर, गवत्या भेकांवर. ‘सापाचं खाद्य’ असं एक खाद्य नसतंच, आणि पिशवीतून विकत आणता येईल असं तर त्यातलं जवळपास काहीच नाही.

कायद्याचं सांगायचं तर, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडचा साप घरात पाळता येत नाही. बॉल पायथनसारखे परदेशी साप बाळगणाऱ्यांना 2024 च्या नियमांनुसार नोंदणी करावी लागते. जखमी सापासाठी वन विभागाची व्यवस्था आहे, चंद्रपुरात वन्यजीव उपचार केंद्र आहे. भामरागड तालुक्यातल्या हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आमटे यांनी अनाथ प्राण्यांचं घर उभं केलं, तिथे सापही राहिले. पण रोजचं खाणं, पशुवैद्यक, परवानगी हे सगळं सांभाळून एखादी संस्था ते करते. अकरावीतल्या मुलाच्या टेबलावर ते होणं शक्य नाही.

मला त्या मुलाचं कौतुक वाटलं. ज्या घरात आजवर साप दिसला की काठी निघायची, तिथे याने पिल्लांना उपाशी ठेवायचं नाही म्हणून स्वतःच्या पैशाने गांडुळं आणली. सर्पमित्रालाही ते कळलं असावं, कारण पिल्लं सोडायचं काम त्याने मुलालाच दिलं. ज्या ढिगाखाली ती सापडली तिथून जवळच, पाणी साचलेल्या बांधाच्या गवतात बरणी आडवी केली, झाकण काढलं, आणि दोघं मागे सरले. दोन पिल्लं लगेच गेली. तिसरं काठाशी थांबलं, जीभ काढत राहिलं, मग गवतात शिरलं. पिशवीतली गांडुळं मुलाने घरामागच्या परसात, वांग्याच्या वाफ्यात टाकली.

सर्पमित्राने वहीत नोंद केली, वनरक्षकाला फोटो पाठवला आणि मुलाच्या मोबाइलमध्ये दोन नंबर टाकून दिले. एक स्वतःचा, आणि दुसरा वन विभागाच्या हॅलो फॉरेस्ट हेल्पलाइनचा, 1926. ‘‘पुढच्या वेळी बरणीत टाकायच्या आधी फोन कर,’’ एवढं सांगून तो पुढच्या गावाला निघाला. तिथे एका घरात चुलीमागे कवड्या निघाला होता.