नागरिकशास्त्राचा तास नेमका कोणता?



आमच्या वेळापत्रकात गणिताचा तास रोज असतो. नागरिकशास्त्राचा मात्र शोधावा लागतो. त्याचे पुस्तकही वेगळे नाही. इतिहासाचे धडे संपले की त्याच पुस्तकात मागच्या बाजूला नागरिकशास्त्र सुरू होते. त्यामुळे पुष्कळांना हा विषय म्हणजे इतिहासाचे शेपूट वाटतो. पालकसभेत एका काकांनी विचारलेही, "याचा पोरांना उपयोग काय?" तेव्हा गुरुजींना विचारून आणि शाळेच्या कपाटातली पुस्तके चाळून मी ही माहिती जमवली आहे.

सन १९८६ मध्ये आपल्या देशाचे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण ठरले. भारतात राज्ये अनेक, भाषा अनेक, पाठ्यपुस्तकेही निरनिराळी. तरीसुद्धा काही गोष्टी सगळ्या मुलांनी सारख्याच शिकाव्यात म्हणून दहा मुद्दे साऱ्या देशासाठी ठरवले गेले. शिक्षक त्यांना 'गाभाघटक' म्हणतात. स्वातंत्र्य चळवळीचा इतिहास, घटनेने घातलेल्या जबाबदाऱ्या, राष्ट्रीय अस्मिता, समान सांस्कृतिक वारसा, लोकशाही व धर्मनिरपेक्षता, स्त्री-पुरुष समानता, पर्यावरणाचे रक्षण, समाजातले अडसर दूर करणे, लहान कुटुंब आणि वैज्ञानिक दृष्टिकोन असे ते दहा. (लहान कुटुंबाचा मुद्दा वाचताना वर्गात फार हसू झाले. कारण आमच्यात काही जणांची भावंडेच कबड्डीचा संघ होईल इतकी आहेत.)

आता गंमत अशी, की हे दहा मुद्दे एका विषयात कोंबायचे नाहीत, सगळ्या विषयांतून आले पाहिजेत, असे त्या धोरणातच म्हटले होते. केळीचा गाभा कसा खालपासून वरपर्यंत एकच असतो, तसे. म्हणजे विज्ञानात साप शिकताना, साप चावला तर मांत्रिकाकडे नव्हे, दवाखान्यात न्यायचे, हे शिकलो की तो वैज्ञानिक दृष्टिकोन झाला. गणितात घरपट्टी आणि पाणीपट्टीची बेरीज केली की ग्रामपंचायतीचा पैसा कुठून येतो ते कळते. भूगोलात विहिरीचे पाणी खोल का गेले याचा विचार झाला की ते पर्यावरण. रोज परिपाठाला आपण प्रतिज्ञा म्हणतो, ती मुळात तेलुगू भाषेत लिहिली गेली. पैडीमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ती १९६२ साली लिहिली. आपण ती मराठीत म्हणतो, दुसरे कोणी कन्नडमध्ये म्हणत असेल. मला तर हेच उदाहरण सगळ्यात आवडले.

चित्रेसुद्धा शिकवतात बरं का! जुन्या पुस्तकांत आई चुलीपाशी आणि बाबा वर्तमानपत्र वाचताना असत. २०१९ साली बालभारतीचे दुसरीचे नवे पुस्तक आले, त्यात आईबरोबर वडीलही भाजी निवडायला बसलेले दाखवले. तो मराठीचा तास, पण शिकवले काय? समानता.

यात एक अडचण मात्र आहे. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथे तर पाहुणा सगळ्याच घरचा. गणिताचे गुरुजी म्हणणार हे भाषेत येईल, भाषेच्या बाई म्हणणार इतिहासात येईल. शिवाय परीक्षेत 'समानता' या नावाची प्रश्नपत्रिका नसते. मग तपासायचे कसे? माझ्या मते वर्गात बघून. आमच्या वर्गात झाडलोट मुलींकडे आणि घंटा मुलांकडे अशी वाटणी होती. कोणी ठरवली ते कोणालाच ठाऊक नव्हते. दिवाळीच्या सुट्टीनंतर बाईंनी हजेरी क्रमांकाप्रमाणे पाळ्या लावल्या. पहिल्या आठवड्यात मुलांनी झाडलेला वर्ग पाहण्यासारखा होता! आता बरा झाडतात.

२०२० साली नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले आणि १९८६ चे मागे पडले. पण घटनेची मूल्ये आणि मूलभूत कर्तव्ये सर्व मुलांनी शिकावीत, हे नव्या धोरणातही आहेच.

कर्तव्यांवरून एक गोष्ट मुद्दाम पालकांसाठी लिहिते. मूलभूत कर्तव्ये घटनेत १९७६ साली आली, तेव्हा ती दहा होती. २००२ साली अकरावे आले. ते मुलांचे नाही, आईवडिलांचे आहे. सहा ते चौदा वर्षांच्या आपल्या मुलाला शिक्षणाची संधी द्यावी, असे ते कर्तव्य. त्याच वेळी या वयातल्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्कही घटनेत आला. त्याचा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो पहिली ते आठवीसाठी आहे. आठवीपर्यंत, सातवीपर्यंत नव्हे!

आपल्या गावची शाळा सातवीला संपते. आठवीसाठी शेजारच्या गावी जावे लागते. गेल्या वर्षी सातवी पास झालेल्या दोन मुली आठवीला गेल्या नाहीत. एकीचे अक्षर शाळेत सगळ्यात सुंदर होते. जून महिन्यापासून त्या घरीच आहेत. त्यांच्याबरोबरचे मुलगे सगळे गेले. यंदा सातवीत आम्ही नऊ मुली आहोत, त्यांत मीही आहे.

त्याच कायद्याने आपल्यासारख्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात निदान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, आणि निम्म्या स्त्रिया. म्हणजे आमच्या आयाही तिथे बोलू शकतात. समितीची पुढची बैठक होईल तेव्हा आठवीचा विषय निघावा, असे आम्ही नऊ जणींनी गुरुजींना सांगितले आहे. आणि एसटीच्या भाड्याची काळजी असेल तर कळवते, की गावाकडच्या मुलींना शाळेला जाण्यासाठी अहिल्याबाई होळकर योजनेतून पास मोफत मिळतो. आठवीला नाव घातले की त्या शाळेचा दाखला घेऊन तो काढता येतो.

– इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी