यादीत पहिले नाव कोणते लिहावे?

दिवाळी आटोपली की दर वर्षी इंदूरहून मला काही फोन येतात. फोन करणारे बहुधा एम.जी.एम. मेडिकल कॉलेजातले माझे सहाध्यायी किंवा एखाद-दोन वर्षे मागे असलेले मित्र. त्यांचा मुलगा वा मुलगी अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनच्या रेसिडेन्सीच्या शेवटच्या वर्षात असते, गॅस्ट्रोएंटरॉलॉजी किंवा कार्डिऑलॉजीच्या फेलोशिपसाठी अर्ज केलेला असतो, मुलाखती उरकलेल्या असतात, आणि पसंतीक्रमाची यादी भरण्यास चार-आठ दिवस उरलेले असतात. प्रश्न एकच असतो : "दादा, जे सर्वांत आवडले ते वर लिहावे, की जे मिळेल अशी खात्री वाटते ते?" पुढच्याच वाक्यात कळते की घरच्या मंडळींनी सल्ला आधीच देऊन टाकला आहे : "मिळण्याजोगे आधी लिही, उगाच उड्या मारू नकोस."

हा सल्ला मायेपोटी दिलेला असतो आणि तो साफ चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे हे फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून संपादकांनी स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा हाच विषय घ्यावयाचे ठरविले. मी याच शाखेत काम करतो आणि आमच्या विभागाच्या निवड समितीत बसतो, त्यामुळे मेजाच्या दोन्ही बाजूंनी हा व्यवहार पाहिला आहे.

सल्ला चुकतो याचे कारण आपल्या सवयीत आहे. आपल्याकडे डी.एम.साठी २०१७ पासून नीट-एसएस ही एक परीक्षा आहे. तिच्यात क्रमांक लागतो आणि त्या क्रमांकाने कौन्सेलिंगमध्ये जागा मिळते. गेल्या वर्षी कोणत्या क्रमांकाला काय मिळाले याच्या याद्या घरोघर अभ्यासल्या जातात. "आपल्या रँकला काय येईल" हा हिशेब आईबापांच्या अंगात मुरलेला असतो आणि तोच हिशेब ते अमेरिकेच्या मॅचला लावतात. वस्तुतः ती यंत्रणा निराळी आहे. तेथे एक सामायिक क्रमांकच नसतो. जुलैत अर्ज जातात. त्यांत शिफारसपत्रे, संशोधन आणि स्वतःविषयीचे निवेदन असते. मग मुलाखती होतात, २०२० च्या साथीपासून त्या बहुतांशी संगणकाच्या पडद्यावरच. त्यानंतर प्रत्येक उमेदवार रुग्णालयांची व प्रत्येक रुग्णालय उमेदवारांची यादी आपापल्या पसंतीने लावते. नोव्हेंबरात याद्या बंद होतात, संगणक त्या जुळवितो, नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या आरंभी निकाल लागतो, आणि पुढील जुलैत प्रशिक्षण सुरू होते. निकाल दोन्ही पक्षांवर बंधनकारक असतो.

आता हे जुळविणे कसे चालते ते पाहू. समजा, तीन काल्पनिक उमेदवार आहेत, अनिकेत, मीरा आणि जॉन. जागाही तीनच, बोस्टन, ह्यूस्टन आणि क्लीव्हलंड येथे एकेक. अनिकेतची यादी बोस्टन, ह्यूस्टन, क्लीव्हलंड अशी. मीराची बोस्टन, ह्यूस्टन. जॉनला फक्त बोस्टन हवे. बोस्टनवाल्यांनी आपल्या यादीत जॉनला पहिला, मीराला दुसरी आणि अनिकेतला तिसरा क्रमांक दिला आहे. ह्यूस्टनला मीरा प्रथम हवी, मग अनिकेत. क्लीव्हलंडच्या यादीत अनिकेत आहे.

संगणक प्रथम अनिकेतला त्याच्या पहिल्या पसंतीच्या दारी, बोस्टनला, नेतो. जागा रिकामी आहे, म्हणून त्याला बसविले जाते. पण ते तात्पुरते, आपल्याकडे पंगतीत मानाचा पाहुणा येईपर्यंत घरच्या मुलाला पाटावर बसवितात तसे. मग मीरा बोस्टनला येते. तिचा क्रमांक वरचा, म्हणून अनिकेत उठतो आणि ह्यूस्टनला जाऊन बसतो. त्यानंतर जॉन येतो. बोस्टनला तो अधिक हवा आहे, म्हणून मीरा उठते आणि आपल्या दुसऱ्या पसंतीला, ह्यूस्टनला, जाते. तेथे अनिकेत आधीपासून बसलेला आहे. पण ह्यूस्टनच्या यादीत मीरा वर आहे, म्हणून अनिकेतला पुन्हा उठावे लागते आणि तो क्लीव्हलंडला जातो. आता कोणी उठावयाचे राहिले नाही. जुळणी पक्की.

मीराकडे लक्ष द्यावे. बोस्टन पहिले लिहिल्याने तिचे काहीही गेले नाही. तिला ह्यूस्टनला यावयास उशीर झाला, दुसरा कोणी तेथे बसूनही गेला होता, तरी ती जागा तिलाच मिळाली, कारण या पद्धतीत आधी येण्याला काही किंमत नाही. आता समजा, वडिलांच्या सांगण्यावरून तिने ह्यूस्टन पहिले लिहिले असते. तिला ह्यूस्टनच मिळाले असते. पण ज्या वर्षी जॉनने अर्जच केलेला नसेल, त्या वर्षी बोस्टन तिचे होते आणि ते तिने भीतीपोटी आपल्या हाताने घालविले असते. खालच्या दर्जाचे वर लिहून लाभ होत नाही, हानी मात्र होऊ शकते. हे गणिताने सिद्ध झालेले आहे.

डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी १९६२ साली एक छोटासा निबंध लिहिला. विषय महाविद्यालयीन प्रवेशाचा आणि विवाहांच्या स्थैर्याचा. कोणतेही दोघे आपापला जोडीदार सोडून एकमेकांकडे जाऊ पाहणार नाहीत अशी स्थळे जुळविता येतील काय, हा त्यांचा प्रश्न, आणि येतील हे त्यांचे उत्तर. आपल्या वधूवर सूचक मंडळांना हा निबंध कोणी वाचून दाखविला नाही हे आपले दुर्दैव! गंमत अशी, की अमेरिकेतील डॉक्टरांची मॅच त्याच्या दहा वर्षे आधीपासून, १९५२ पासून, तत्त्वतः त्याच रीतीने चालत होती. हे साम्य अल्विन रॉथ यांनी १९८४ साली दाखवून दिले. मात्र जुन्या रीतीत प्रस्तावाचा आरंभ रुग्णालयांच्या बाजूने होई. रॉथ व एलियट पेरॅन्सन यांनी ती बदलून उमेदवाराच्या बाजूने केली आणि १९९८ च्या मॅचपासून ती अमलात आली. बदलाने प्रत्यक्ष निकाल थोड्याच जणांचे बदलणार होते, तथापि प्रश्न उमेदवारांच्या विश्वासाचा होता. रॉथ आणि शॅप्ली यांना २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गेल त्याआधीच, २००८ मध्ये, निवर्तले होते.

१९५२ च्या आधी काय होते, हेही सांगण्यासारखे आहे. चांगला इंटर्न आपल्याला मिळावा म्हणून रुग्णालये एकमेकांच्या आधी नेमणुका करू लागली, आणि १९४४ च्या सुमारास ती घाई पदवीच्या दोन वर्षे आधीपर्यंत जाऊन पोचली. पुढे तारखांचे नियम झाले, तर देकाराला काही तासांत उत्तर द्या असे दडपण सुरू झाले.

ही सगळी जुनी गोष्ट वाटेल, परंतु माझ्या शाखेने ती पुन्हा एकदा जगून दाखविली. गॅस्ट्रोएंटरॉलॉजीची मॅच १९८६ पासून सुरळीत चालू होती. १९९६ साली फेलोशिपच्या जागा कमी करावयाच्या आणि प्रशिक्षण तीन वर्षांचे करावयाचे असे ठरले. त्या वर्षी इच्छुकांची संख्या जागांच्याही खाली गेली. जागा रिकामी राहण्याच्या भीतीने काही रुग्णालयांनी मॅचबाहेर उमेदवार उचलण्यास प्रारंभ केला, त्यांचे पाहून इतरांनी, आणि शतक संपता संपता मॅच कोसळली. मुरिएल निडरले आणि रॉथ यांनी त्या काळाचा अभ्यास केला आहे. मॅच नसताना देकार लवकर येऊ लागले, प्रत्येकाची तारीख निराळी, उत्तराला मुदत तुटपुंजी, आणि ज्या रुग्णालयात रेसिडेन्सी केली तेथेच फेलोशिप करणाऱ्यांचे प्रमाण वाढले. ज्याला त्याला घरचा माणूस बरा वाटू लागला.

माझा अर्ज नेमका याच काळातला, २००२ चा. एका रुग्णालयातून सायंकाळी फोन आला : जागा देतो, उद्या दुपारी बारापर्यंत कळवा. माझी पत्नी त्या वेळी दुसऱ्या शहरात बालरोगशास्त्राची रेसिडेन्सी करीत होती आणि त्या शहरातील मुलाखत आठ दिवसांवर होती. थांबण्याची विनंती केली, ती मान्य झाली नाही. परदेशी पदवीधर, ओळख कोणाशी नाही, व्हिसा डोक्यावर. हातचे सोडून पळत्यापाठी कोण जाणार? मी होकार दिला. पुढची तीन वर्षे आम्ही दोघे दोन शहरांत राहिलो आणि ग्रेहाउंडच्या रात्रीच्या बसमध्ये माझा अर्धाअधिक अभ्यास झाला. आठ दिवसांनी त्या दुसऱ्या शहरात काय झाले असते, हे कळण्याची सोयच त्या व्यवस्थेत नव्हती. २००६ साली मॅच पुन्हा सुरू झाली. रुग्णालयांनी परत यावे म्हणून गॅस्ट्रोएंटरॉलॉजीच्या संघटनांनी एक नामी नियम केला : मॅचपूर्वी देकार स्वीकारलेल्या उमेदवाराला तो सोडून मॅचमध्ये येण्याची मुभा. आधी देकार देऊन अडकविण्यात अर्थच उरला नाही. नियम वाचला तेव्हा माझी फेलोशिप संपलेली होती.

याचा अर्थ मॅच न्यायी आहे असा मात्र कोणी घेऊ नये. ती याद्या प्रामाणिकपणे जुळविते, एवढेच. रुग्णालयाची यादी माणसेच लावतात आणि त्यांच्या सर्व आवडीनिवडी तीत उतरतात. पत्र कोणी लिहिले, हा प्रश्न समितीत पत्रात काय लिहिले याच्या आधी निघतो. जानेवारी २०२२ पासून यूएसएमएलईच्या पहिल्या टप्प्याचे गुण बंद होऊन केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण उरले. परदेशातून आलेल्या मुलांना आपली पात्रता दाखविण्याचा एक ठळक आकडा त्यामुळे गेला, आणि ओळखीपाळखीचे वजन वाढले असे माझे मत आहे. नीट-एसएसला निदान उमेदवाराचा चेहरा दिसत नाही. म्हणून खरी मेहनत यादीची नसून मुलाखती मिळविण्याची आहे. रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षापासून ज्यांच्या हाताखाली प्रत्यक्ष काम केले अशा दोन-तीन ज्येष्ठांची पत्रे आणि अखेरपर्यंत नेलेले एखादे संशोधन लागते.

मुलाखतीनंतर येणाऱ्या गोड ई-पत्रांविषयीही सांगतो. "तुमची भेट आम्हांस फार आवडली" असे पत्र आले की इकडे साखरपुडा झाल्यासारखे वातावरण होते. ती पत्रे बंधनकारक नसतात. उमेदवाराला त्याचा क्रम विचारण्यास तर नियमाने मनाई आहे. कोणी विचारलेच, तर सौजन्याने विषय बदलावा.

पहिले नाव मनापासून लिहावयाचे, पण मनापासून म्हणजे केवळ नावलौकिक पाहून नव्हे. एंडोस्कोपी फेलो स्वतः किती करतात, रात्रपाळ्या किती, जोडीदाराचे काम कोठे, हे सारे त्या मनात असावे. व्हिसाही असावा. जे-१ व्हिसावरील डॉक्टरला प्रशिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी परतावे लागते. ती अट माफ करून घेण्याचा रूढ मार्ग म्हणजे डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे सेवा. कॉनराड योजनेत प्रत्येक राज्याला वर्षाला तीसच माफ्या आहेत, आणि अनेक राज्ये प्राथमिक उपचार करणाऱ्यांस अग्रक्रम देतात. गॅस्ट्रोएंटरॉलॉजिस्टला तेथे रांगेत मागे उभे राहावे लागते. एच-१बीचा पर्याय असे, परंतु सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेर असलेल्या उमेदवारांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाल्यापासून रुग्णालये बिचकली आहेत. मुलगा परत येणार की नाही, हा आईबापांचा न विचारलेला प्रश्न बराचसा या नियमांत अडकलेला असतो, पसंतीच्या यादीत नव्हे.

आणि जागा नाहीच मिळाली तर? त्या दिवशी इंदूरला फोन येत नाही, म्हणजे घरच्यांनी समजावयाचे. रिकाम्या राहिलेल्या जागांची यादी निघते, परंतु गॅस्ट्रोएंटरॉलॉजीत तीत फारसे काही नसते. मग रेसिडेन्सी पुरी करून मुले हॉस्पिटलिस्ट म्हणून नोकरी धरतात आणि पुढल्या जुलैत पुन्हा अर्ज करतात. आमच्या समितीपुढे असे दुसऱ्या खेपेचे अर्ज दर वर्षी येतात. गेल्या खेपेला एका मुलीच्या अर्जात, मधल्या वर्षात काय केले या रकान्यात, यकृताच्या रुग्णांची एक लहानशी नोंदवही तिने स्वतः ठेवल्याचा उल्लेख होता. मुलाखतीतला सगळा वेळ आम्ही त्या नोंदवहीविषयीच बोललो, आणि समितीच्या यादीत तिचे नाव चौथे लागले.