गाडीतील स्टिरिओ : आधी खर्च कोठे करावा?
वैजापूरजवळ समृद्धी महामार्गावर गाडीने वेग घेतला, की टायरांच्या घरघरीत गाण्याचे शब्द बुडतात. आवाज वाढवावा तर तो फाटतो. मग पुष्कळ जण मोठा स्क्रीन किंवा डिकीत सबवूफर बसवून घेतात. हा उलटा व्यवहार होय.

मूळ स्टिरिओ तसाच ठेवून प्रथम पुढच्या दारांतील दोन स्पीकर बदलावेत. खोक्यावरील शेकडो वॅटच्या आकड्याला भुलू नये. कंपनीचा स्टिरिओ प्रत्येक स्पीकरला सहसा १५ ते २० वॅटच देतो. म्हणून आरएमएसचा आकडा आणि सेन्सिटिव्हिटी पाहावी. दाराच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट लावल्यास खर्जातील थरथर उणावते. मागचे स्पीकर पुढील वर्षी बदलले तरी चालतील. मेकॅनिकला मात्र मूळ वायर कापू देऊ नये, कपलरच मागावा. वॉरंटीचा तंटा तेथूनच उद्भवतो.